आमेनचा रकाना

माझ्या धाकट्या बहिणीने आमच्या मंडळीला ऑनलाइन यादी वापरायला शिकवली, आणि त्या दोन महिन्यांत माझ्या पोटात जेवढं दुखलं तेवढं जन्मात दुखलं नव्हतं. औषधाने बरं होणारं ते दुखणं नव्हतं. तो हेवा होता. मी सदुसष्ट वर्षांची आहे, आणि या वयात त्याला एखादं सभ्य नाव शोधत बसायची मला हौस नाही.

प्रार्थनेची यादी तीस वर्षं माझ्याकडे होती. मी रुग्णालयाच्या टेलिफोनवर नोकरीला होते. कुणाचा फोन कुठे जोडायचा हे हाताला आपोआप कळायचं. तीच सवय घरी आली. कुणी आजारी पडलं, कुणाच्या लेकीची मुलाखत असली, कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस हवा असला, की माझा फोन वाजायचा. "ताई, लिहून घ्या." मी निळ्या वहीत लिहून घ्यायचे, सोबतीला कोण जाईल ते चार फोन करून ठरवायचे, आणि रविवारी उपासनेत उभी राहून यादी वाचायचे. सहा-सात मिनिटं लागायची. तेवढा वेळ अख्खं चर्च माझ्या तोंडाकडे बघायचं. कुणाच्या घरात काय चाललंय हे पाळकसाहेबांच्या आधी मला ठाऊक असायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिने नोकरीची सगळी वर्षं एका मोठ्या कंपनीत लोकांना कॉम्प्युटरची कामं शिकवण्यात घालवली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. मग माझ्याजवळ असावं म्हणून ती दोन गल्ल्या सोडून राहायला आली. मला खूप बरं वाटलं होतं. साधारण पंधरा दिवस.

तिचं हे असं लहानपणापासूनचं आहे. मी तेरा वर्षांची असताना चर्चमध्ये म्हणायला मला एक लांबलचक वचन मिळालं होतं. महिनाभर मी ते घरात घोकत होते. आयत्या वेळी माझा घसा बसला, आणि या सात वर्षांच्या पोरीने नुसतं ऐकून ऐकून ते एका दमात म्हणून दाखवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

यादी ऑनलाइन करायची कल्पना पाळकसाहेबांची. कमिटीच्या बैठकीत ते म्हणाले, "ताईंवरचा भार जरा हलका होईल." माझ्यावर भार आहे असं मी कुणाला म्हटलं होतं? पण सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि माझीही मान त्यांच्याबरोबर हलली. आपल्याच मानेचा कधी कधी भरवसा राहत नाही.

दर गुरुवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. पत्र्याच्या पंधरा खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल, आणि भिंतीवर प्रोजेक्टरने पडलेली यादी. रकाने चार: कोणासाठी, काय मागणं, कधी, सोबत कोण. यादी एकच, पण ती सगळ्यांच्या फोनवर दिसणार, आणि ज्याला त्याला हवं ते तिच्यात लिहिता येणार. धाकटी हातात काठी घेऊन भिंतीजवळ उभी राहायची. ती खोलीत आली की माणसं खुर्च्या पुढे ओढून बसतात. मी शेवटच्या रांगेत बसायचे, दाराजवळ, म्हणजे वारा लागतो असं सांगता यायचं.

लोकांनी गोंधळ घालायचा तेवढा घातला. "मी तुम्हाला लिंक पाठवली आहे," असं धाकटीने म्हटल्यावर बेकरीवाले घरी जाऊन टपालाची पेटी उघडून बसले. निवृत्त बसड्रायव्हर प्रत्येक वेळी विचारायचे, "दाबू?" आणि धाकटीने "दाबा" म्हटल्याशिवाय बोट खाली यायचं नाही. शिंपीणबाईंना वाटलं, यादीतलं काही आपल्या फोनवर खोडलं तर फक्त आपल्यापुरतं खोडलं जातं, म्हणून त्यांनी स्वतःला न आवडणाऱ्या दोन बायकांची नावं काढून टाकली. मी मनातल्या मनात खूश होत होते. म्हटलं, आता बघू, किती दिवस टिकतंय हे खूळ.

मग आमेनचा घोटाळा झाला. पहिल्या रविवारी उपासनेनंतर धाकटीने यादी उघडली, तर मागण्याच्या रकान्यात अकरा ठिकाणी नुसतं "आमेन" लिहिलेलं. कुणाचं मागणं काय होतं त्याचा पत्ता नाही. आमच्या मंडळीची सवयच ती. दुसऱ्याचं मागणं कानावर पडलं की तोंडून आमेन निघालंच पाहिजे. बेकरीवाल्यांनी एकेक मागणं श्रद्धेने वाचलं, डोळे मिटले, प्रार्थना केली, आणि त्याच चौकटीत बोट ठेवून "आमेन" टाइप केलं. आमेन उमटलं आणि खालचं मागणं पुसलं गेलं. ज्याच्यासाठी सर्वांत मनापासून प्रार्थना झाली, तोच यादीतून नाहीसा.

मी म्हटलं, सुटले. गुरुवारी हॉलमध्ये मी मुद्दाम वही घेऊन गेले. पण धाकटी हसत होती. "काही हरवलेलं नाही," ती म्हणाली. "ही यादी काहीच विसरत नाही. हे बघा, याला म्हणतात बदलांचा इतिहास." तिने कुठेतरी दोनदा दाबलं, आणि भिंतीवर सगळं उघडं पडलं. कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, काय खोडून काय लिहिलं. अकराच्या अकरा आमेनपुढे बेकरीवाल्यांचं नाव. ते कानापर्यंत लाल झाले. धाकटीने एकेक मागणं परत आणलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिने तिथल्या तिथे पाचवा रकाना काढला. वर लिहिलं, "आमेन".

"आमेन फक्त इथे म्हणायचं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या मागण्यावर पाय नाही द्यायचा."

त्या टाळ्या माझ्या कानशिलात वाजल्या. चूक यांनी केली, आणि कौतुक तिचं झालं.

तिने मला एक जुना टॅब आणून दिला. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खातं, पासवर्ड असं काहीबाही विचारायला लागली. मी म्हटलं, "असल्या भानगडी मला नकोत. वाचता आलं की झालं." मग तिने आपलंच खातं त्यात उघडून दिलं आणि म्हणाली, "तुझं आपण सावकाश करू." त्यावर मी चहाचा कप जरा जोरातच आपटला होता, एवढं मला आठवतं.

महिन्याभरात माझा फोन मुका झाला. शनिवारी संध्याकाळी न चुकता अर्धा तास बोलणाऱ्या शिंपीणबाई आता यादीत लिहायच्या, आणि खाली हसरा चेहराही चिकटवायच्या. रविवारी पाळकसाहेब "यादी आपण सर्वांनी वाचलीच आहे" एवढं म्हणून मोकळे व्हायचे. सहा-सात मिनिटं वाचली म्हणून लोक खूश. एक-दोनदा मी फोनचा रिसीव्हर उचलून आवाज येतो ना ते बघितलं. येत होता.

राहिले होते फक्त घड्याळवाले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आता मुलगा दुसरीकडे असतो म्हणून बंद केलंय. चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम मात्र ते अजून करतात, दर शनिवारी दुपारी दोनला. किल्ली देऊन उतरले की समोरच माझं घर. अडीच वाजता बेल वाजायची, दोन एकोणतीस नाही की दोन एकतीस नाही. ते वीस मिनिटं बसायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे, कोणाचं काय चाललंय विचारायचे. बायको गेल्यापासून नऊ वर्षं हे चालू होतं. त्यात काही नव्हतं, आणि मी त्या वीस मिनिटांसाठी शनिवारी साडी बदलायचे, हेही खरं.

त्या शनिवारी ते आले, बसले, चहा घेतला. नव्या यादीबद्दलच बोलत राहिले. "तुमच्या बहीणबाई फार छान समजावून सांगतात हो. मला आता सगळं स्वतःचं स्वतः लिहिता येतं." त्यांचा चेहरा नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखा झाला होता. मी म्हटलं, "हो का." ते दोन पन्नासला उठून गेले.

पाच वाजता मी टॅब उघडला. सर्वांत खालच्या ओळीत घड्याळवाल्यांचं नाव. मोतीबिंदूचं ऑपरेशन, सकाळी आठला घरातून निघायचं, सोबत कोणी मिळेल का. सोबतीचा रकाना रिकामा. शेजारी वेळ होती तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे माझ्या घरून निघाले, चालत घरी गेले, आणि बसून हे लिहिलं. माझ्यासमोर वीस मिनिटं बसला हा माणूस, आणि डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही! जे माझ्या कानात सांगायचं, ते सगळ्या जगाला लिहून सांगितलं. का? तर माझ्या बहिणीने शिकवलं म्हणून.

माझ्या डोक्यात सणक गेली. आता कुणीतरी ते वाचणार, बहुतेक धाकटीच वाचणार, नाव टाकणार, रिक्षा की टॅक्सी ते ठरवणार, त्यांचा हात धरून जिने उतरवणार. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मी त्यांच्या मागण्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. अक्षरं बरोबर पडली. आ, मे, न. "कधी"च्या रकान्यातही आमेन. बघणाऱ्याला वाटणार, परत कुणा भोळ्या माणसाचा हात चुकला.

तीस वर्षं मी तो शब्द रविवारी मनापासून म्हटला होता. त्या दिवशी तो मी दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरला.

माझा बेत साधा होता. कुणालाच कळणार नाही, आणि त्या दिवशी सकाळी आठला मी त्यांच्या दारात उभी राहणार. "यादीने विसरलं असेल, मी नाही विसरले," असं म्हणणार. हे वाक्य मी रविवारभर घोळवलं. चर्चमध्ये ते समोर आले तेव्हा मी खाली बघून गीतांचं पुस्तक चाळत बसले. दिवस वहीत उतरवून घ्यायला हवा होता. पण वहीत लिहायचं तर मग यादीतून खोडलं कशाला, असं मलाच मला विचारावं लागलं असतं. म्हणून डोक्यातच ठेवला.

बुधवारी पावणेआठला मी निघाले. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, दवाखान्यात वाचायला मासिक. आठच्या ठोक्याला बेल वाजवली. दार उघडलं तर त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी.

"काल होतं, ताई," ते म्हणाले. "मंगळवारी."

त्यांनीच सांगितलं. आठपासून ते कोट घालून फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. कुणीतरी येईल म्हणून. फोन केला नाही, कारण वर्गात शिकवलं होतं, एकदा लिहिलं की मागे लागायचं नाही, माणसं वाचतात. दहापर्यंत वाट बघितली, मग एकटेच बसने गेले. येतानाही एकटेच आले, एका डोळ्याने पायऱ्या मोजत.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"यादीत वाचलं," मी बोलून गेले.

ते माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि हळूच दार लावलं. माझ्या हातात बिस्किटं तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत धाकटीला सगळं कळलं होतं. ती तडक माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच मी तिला रडकुंडीला आलेली बघितली. "ताई, सत्तरीचा माणूस दोन तास बाहेर बसला गं! माझ्या भरवशावर. आणि यादीत बघते तर आमेन." मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या वर्गात सगळ्यांसमोर इतिहास उघडणार आहे. कोणाला शिक्षा करायची नाही मला. पण परत असं होऊ नये."

ती गेल्यावर मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. यादी काहीच विसरत नाही, हे तिचं वाक्य मला पाठ झालं होतं. दिवस, वेळ, मिनिट, नाव. बेकरीवाल्यांचे लाल कान आठवले. त्यांची चूक तरी भाबडी होती. माझं नाव भिंतीवर दोन हात उंच दिसणार, आणि तीस वर्षं माझ्याकडे आपलं घरचं सांगणारी माणसं ते वाचणार. एकच गोष्ट माझी म्हणावी अशी होती, लोकांचा विश्वास. ती मी माझ्याच बोटाने पुसली होती. अंगात कणकण आहे असं सांगून घरी राहावं, असंही मनात आलं. पण आपली फजिती आपल्या पाठीमागे होण्यापेक्षा समोर झालेली बरी.

गुरुवारी हॉल भरला होता. घड्याळवाले पहिल्या रांगेत, पट्टी लावून. मी माझ्या जागी, दाराजवळ. धाकटीने दिवे मालवले, यादी भिंतीवर आणली, त्यांच्या ओळीवर गेली, दोनदा दाबलं.

शनिवार, पाच वाजून सहा मिनिटं. पुढे नाव आलं. धाकटीचं.

आधी मला वाटलं, देव धावला. मग लक्षात आलं, टॅबमध्ये खातं तिचं होतं. मी काहीही केलं तरी यादीच्या लेखी ते धाकटीने केलेलं.

धाकटी भिंतीकडे बघत होती. मग तिने मान वळवून सरळ शेवटच्या रांगेत माझ्याकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागणार नव्हताच. ती लहानपणापासून हुशार. मी डोळे मिटून वाट बघितली.

"माझ्याच हातून झालेलं दिसतंय," धाकटी म्हणाली. "दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतःच चुकते. माफ करा हं मला."

हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. मला वाटलं, आता तिला दोन शब्द ऐकवतील. कसलं काय! बसड्रायव्हर म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात, चालायचंच." शिंपीणबाई उठल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. बेकरीवाल्यांना तर जन्माचं समाधान मिळालं. "मॅडमच चुकतात म्हटल्यावर आमची काय कथा," असं म्हणत त्यांनी तिच्या हातात चहा दिला, वर दोन नानकटाया. पाळकसाहेब म्हणाले, "चूक अशी उघड मान्य करणं, ही खरी नम्रता." आणि घड्याळवाले उठून तिच्यापाशी गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका."

पाप माझं, आणि चहा तिला! मी जन्मात केलेली एकुलती एक मोठी गोष्ट, तीही तिच्या नावावर, आणि तीही तिला शोभून दिसत होती.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, त्या आवाजाने सगळे वळले.

"ते मी खोडलं," मी म्हटलं. "चुकून नाही. जाणूनबुजून. खातं तिचं होतं, बोट माझं होतं. मला हिचा हेवा वाटतो. ती आल्यापासून वाटतोय. त्याआधीही वाटत होता."

लोक नंतर म्हणाले, ताईंनी किती धीराने कबूल केलं. कसला धीर! दोष तिने आपल्यावर घेऊन मोठं व्हावं, एवढंही मला सोसवलं नाही. पण हे ओळखलं फक्त तिनेच. ती चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, एवढंही बघवलं नाही तुला?"

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ही निघून जाईल आणि परत माझ्या घरी पाय ठेवणार नाही. तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, दुखेल असं, आणि मला टेबलाशी नेऊन बसवलं. "तुझं खातं काढू. आता. सगळ्यांसमोर. यापुढे जे करशील ते स्वतःच्या नावाने कर."

माझं नाव टाइप करायला मला बराच वेळ लागला. पासवर्ड ठरवताना सगळ्यांनी शहाण्यासारखी तोंडं फिरवली. मग यादी आली, आणि शेवटची ओळ रिकामी होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण बोट तिकडे गेलं. भिंतीवर एकेक अक्षर उमटत होतं आणि अख्खा हॉल ते वाचत होता. कोणासाठी: स्वतःसाठी. काय मागणं: हेवा जावा. "कधी"मध्ये काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो रकाना तसाच सोडला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या ओळीत दुसऱ्या कुणाची तरी खूण लुकलुकायला लागली. घड्याळवाले फोन नाकाला लावून, एका डोळ्याने एकेक अक्षर शोधत होते. "सोबत कोण"मध्ये त्यांचं नाव उमटलं. "कधी"मध्ये लिहिलं: मंगळवार, सकाळी आठ. मग फोन खिशात टाकून, माझ्याकडे न बघता ते निघून गेले. शनिवारी किल्ली द्यायला आले ते मला खिडकीतून दिसले, पण अडीच वाजता बेल वाजली नाही.

मंगळवारी पावणेआठलाच मी कोट घालून पायरीवर येऊन बसले. घरात बसवेना. समोर चर्चचं घड्याळ. आठ वाजले. रस्त्याच्या वळणावर कोणी नाही. सव्वाआठ झाले तेव्हा मला कळलं. हा माणूस उभ्या आयुष्यात एक मिनिट उशिरा आलेला नाही. तो उशिरा येत नव्हता. तो येणारच नव्हता, आणि हे त्याने माझ्या नावापुढे लिहून मला सांगितलं होतं.

मी उठून आत जाऊ शकले असते. बसून राहिले. पायरी गार होती. दूधवाला गेला, शाळेची मुलं गेली, शेजारणीने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "हो." दोन तास किती लांब असतात ते मला ठाऊक नव्हतं. तेही ऑपरेशनला एकट्याने जायचं असताना.

नऊ वाजता धाकटी आली. भाजीची पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. काही न विचारता माझ्या शेजारी पायरीवर टेकली. "मी पण बसते," म्हणाली. "शिकवलं तर मीच होतं, फोन करू नका म्हणून."

"ऊठ," मी म्हटलं.

"ताई..."

"त्यांनी मला बसवलंय. तुला नाही. यात तरी वाटा मागू नकोस."

ती हसली का चिडली ते मला कळलं नाही. पिशवी उचलून गेली, आणि वळणावरून एकदा मागे बघितलं. मी बसून राहिले.

दहाचे ठोके पडले तेव्हा माझे गुडघे आखडले होते. भिंतीला धरून उठले, आत गेले, टॅब उघडला, स्वतःच्या नावाने. माझ्या ओळीत काहीतरी बदललेलं दिसलं. इतिहास कसा उघडायचा ते धाकटीला न विचारता मी शोधून काढलं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. घड्याळवाल्यांनी एकच शब्द बदलला होता, बरोब्बर दहा वाजता. मंगळवार खोडून बुधवार लिहिलं होतं, मी एक दिवस उशिरा त्यांच्या दारात गेले होते तो वार.

ती ओळ सगळ्यांना दिसते. शिंपीणबाईंनी पुढे आमेनही लिहिलंय, त्याच्या रकान्यात. धाकटीला वाटतं, ते बिचारे दिवस विसरले असतील. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.